शिडाच्या बोटीतला हीटर, मोंढ्यातला फोन

राग म्हणे हळूहळू निवतो. माझा नाही निवला. ती नोकरी सुटून बरेच महिने झाले, तरी कुणी सहज विचारलं, "शिल्पा, माजलगावला नेमकं काय करायचीस गं?" की एक किस्सा निघतो, त्याच्यामागून दुसरा, आणि मग समोरच्याचा चहा गार होतो तरी मी काही थांबत नाही. आता तुम्ही विचारलंच आहे, तर ऐका!

युरोपातली एक कंपनी. शिडाच्या बोटींसाठी डिझेलवर चालणारे हीटर बनवते. शिडाची बोट म्हणजे वाऱ्यावर चालणारी, आणि तिच्या पोटात एक छोटी खोली, केबिन. तिकडच्या समुद्रावर गारठा असा की केबिनमध्ये बोललं तरी तोंडातून वाफ निघते. मग हा हीटर. तेलाच्या डब्याएवढा. टाकीतलं डिझेल थेंब थेंब ओढतो, जाळतो, गरम हवा आत सोडतो, धूर नळीनं बाहेर. चालला तर स्वर्ग. नाही चालला तर लोक कंपनीला फोन लावतात. तो फोन जायचा पुण्याला. आणि पुण्याहून यायचा माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, खताच्या दुकानावरच्या माडीवर, आमच्या कानात!

आम्ही तिघं. मी सिरसाळ्याची, मेकॅनिकलचा डिप्लोमा. दत्ता नांदूरघाटचा, आयटीआय. तौफिक माजलगावचाच, त्याच्या अब्बांचं डिझेल पंप दुरुस्तीचं वर्कशॉप. आमच्यावर मॅनेजर ढवळे सर. सिंदफणेवरचं धरण सोडलं तर मोठं पाणी चौघांपैकी कुणी बघितलेलं नव्हतं.

फोनवरचं सगळं इंग्रजीत चालायचं. मी तुम्हाला मराठीत सांगते.

*

ट्रेनिंग म्हणून आम्हाला चौदा पानांची एक पीडीएफ मिळाली. त्यात हीटरचा एकच फोटो, तोही लांबून काढलेला.

मी ढवळे सरांना म्हणलं, "सर, एक हीटर मागवा ना. उघडून बघू. आत काय आहे ते माहीत नसताना लोकांना काय सांगायचं?"

सरांनी मेल टाकला. महिनाभर काही नाही. परत टाकला. परत काही नाही. मग एप्रिलमध्ये कुरिअर आलं. मोठं खोकं! तौफिकनं कात्री आणली, दत्तानं टेबल रिकामं केलं, आम्ही उघडलं.

आत चार टोप्या. कंपनीचं नाव विणलेल्या. लोकरीच्या!

बाहेर ऊन असं की मोंढ्यातले हमालसुद्धा पोती टाकून सावलीला बसलेले. दत्तानं टोपी हातात धरून उलटी केली, आत बघितलं आणि म्हणला, "ताई, हीटर ह्याच्यात बसवायचा आसंल."

ढवळे सरांनी आमचा टोप्या घातलेला ग्रुप फोटो काढून वर पाठवला. लगेच उत्तर आलं. फोटोला! हीटरच्या मेलला आजपर्यंत उत्तर नाही.

*

एक माणूस होता, आवाजावरून साठीचा. मी "नमस्कार, मी तुमची काय मदत करू" म्हणल्या म्हणल्या तो म्हणला, "टेक्निशियनला द्या."

"मीच टेक्निशियन, सर."

"नाही. एखादा माणूस द्या."

आता माझ्या तळपायाची आग मस्तकात. पण नियम असा की ग्राहकानं मागितलं तर फोन दुसऱ्याला द्यायचाच. शेजारी दत्ता. त्याला नोकरीला लागून जेमतेम आठवडा झालेला. मी हेडसेट काढला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

दत्तानं पूर्ण तक्रार ऐकून घेतली. तीनदा चालू केला, तीनदा विझला, आता बटन दाबलं तरी काहीच होत नाही, वगैरे. मग शांतपणे म्हणला, "सर, माणूस बोलतोय. माणसाला काही माहीत नाही. मॅडमला माहीत आहे. देऊ?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

मग, "द्या."

सलग फसल्यावर हीटर स्वतःला कुलूप लावून घेतो. ते कुलूप काढायला फ्यूज काढून परत बसवायची एक पद्धत असते. तीन मिनिटांचं काम. हीटर चालू झाला. त्यानं आभार मानले. दत्ताचे!

*

त्या हीटरच्या खोक्यावर ठळक अक्षरात छापलेलं होतं, "बसवा आणि विसरा."

ह्या तीन शब्दांनी आमच्या डोक्याला जेवढा ताप दिला तेवढा कुणी दिला नसेल. खरं सांगू? हीटर वाईट नव्हता. मी त्याची बाजू घेते. त्याला जाड वायर लागते, कारण पेटताना तो बॅटरीतून लई करंट ओढतो. पाणी न मिसळलेलं डिझेल लागतं. आणि अधूनमधून फुल्लवर चालवावा लागतो, कायम मंद ठेवला की आत काजळी धरते. एवढं सांभाळलं तर बिचारा वर्षानुवर्षं चालतो. पण हे कंपनीनं लिहायचं कसं? लिहिलं तर विसरायचं कसं!

एकदा एका निवृत्त मास्तरांचा फोन. हीटर धूर ओकतोय म्हणले. तौफिकनं त्यांना एक एक स्क्रू सांगत झाकण काढायला लावलं. आत जळायची जी जागा, तिथं करंगळी जाईना एवढी काजळी.

"सर, शेवटचा कधी साफ केला होता?"

"साफ? कधीच नाही. सहा वर्षं झाली. खोक्यावर लिहिलंय, विसरा."

तौफिक म्हणला, "सर, तुम्ही कंपनीचं अगदी बरोबर ऐकलं."

मास्तर खो खो हसले. पुण्यात बसून आमचे कॉल ऐकणाऱ्या क्वालिटीवाल्यांना मात्र हसू आलं नाही. तौफिकला मेमो. "ब्रँडची थट्टा." तौफिकनं मेमो घडी घालून लोकरीच्या टोपीत ठेवला आणि म्हणला, "मैं भी भूल जाता. बसवा और विसरा!"

*

दत्ताचा कान. हा किस्सा सांगताना माझा आवाज अजून चढतो.

ह्या हीटरला एक छोटा पंप असतो. तो टिक टिक करत डिझेल ढकलतो. एका बाईचा फोन आला, बोट उभी नॉर्वेत, तीन जणांनी बघून झालं, हीटर पेटतो आणि दहा मिनिटांत विझतो. दत्तानं पीडीएफमधले सगळे प्रश्न विचारले. व्होल्टेज बरोबर. फिल्टर नवा. डिझेल स्वच्छ. पीडीएफ संपली.

दत्ता म्हणला, "मॅडम, फोन पंपाजवळ धरा."

आणि डोळे मिटून बसला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघतोय. एक मिनिट. दोन मिनिटं. ढवळे सर त्यांच्या केबिनच्या काचेतून घड्याळ दाखवतायत.

"हवा घेतोय," दत्ता म्हणला. "टिक कोरडी वाजतीय. टाकीपासून पंपापर्यंत नळी हातानं चाचपत या. कुठंतरी जोड ओलसर लागेल."

ती बाई गेली. पाच-सात मिनिटांनी किंचाळलीच! मागच्या कपाटाच्या आड एक जोड, हात लावला तर डिझेलचा वास. आवळला. हीटर चालू. विझला नाही.

मी विचारलं, "दत्ता, तुला कसं कळलं रे?"

"विहिरीवरचं आमचं इंजिन आसंच करायचं, ताई. बाप झोपेतून उठून सांगायचा, हवा घेतंय म्हणून."

त्या बाईनं कंपनीला लांबलचक मेल लिहिला. तीन माणसं येऊन गेली, कुणाला कळलं नाही, तुमच्या दत्ताला इंडियातून नुसतं ऐकून कळलं, वगैरे वगैरे. आम्हाला वाटलं, आता दत्ताचं भलं होणार.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. "कॉलची वेळ मर्यादेबाहेर. मंजूर प्रश्नांव्यतिरिक्त निदान केले. समज देण्यात यावी."

ढवळे सरांनी समज दिली. दत्ता मान खाली घालून ऐकत उभा. बाहेर येऊन मला म्हणला, "ताई, ऐकलं म्हणून बोलणी खाल्ली. आता बहिरं व्हावं का काय?"

*

आमच्या माडीवर एसी एकच होता, ढवळे सरांच्या काचेच्या केबिनमध्ये. लाईट गेली की इन्व्हर्टरवर फोन आणि कॉम्प्युटर चालायचे, पंखे बंद. तौफिक घामानं निथळत होता आणि फोनवर एक साहेब ओरडत होता, "तुला कल्पना तरी आहे का, मी कोणत्या परिस्थितीत बसलोय? माझ्या केबिनमध्ये चार डिग्री आहे, चार!"

तौफिकनं कपाळ पुसलं. "सर, फक्त अर्धा तास अदलाबदल करता का?"

*

तौफिकच्या अब्बांना आमची दया आली. ते म्हणले, "बिना इंजन देखे इलाज? हकीम भी नब्ज देखता है, बेटा." आणि त्यांनी कुठून कुठून ओळखी काढून, भंगारात आलेला तसलाच एक हीटर मिळवला. कुणा परदेशी गाडीतला होता. दुसऱ्या कंपनीचा, पण आतून भाऊभाऊ.

मग आम्ही तिघं रविवारी वर्कशॉपात. अब्बा स्टुलावर बसून सूचना देतायत. मंदावर चालवून बघितला, फुल्लवर चालवून बघितला, पातळ वायर लावून, जाड वायर लावून. काजळी कधी धरते, पेटायला कधी नकार देतो, सगळं वहीत लिहिलं. मी त्याचा रिपोर्ट केला, फोटो लावले, खाली आमची तिघांची नावं आणि अब्बांचं चौथं. पाठवला.

कंपनीकडून एका ओळीचा मेल. "धन्यवाद, मिळाला."

दोन महिन्यांनी सगळ्या ग्राहकांना कंपनीचं पत्रक गेलं. "आमच्या तज्ज्ञांचा सल्ला." आमचीच वाक्यं, आमचेच फोटो! खाली तिकडच्या कुणा साहेबाचं नाव. पण फोटो कापताना त्यांच्याकडून एक राहून गेलं. हीटरच्या मागे भिंतीवर वर्कशॉपाची पाटी दिसत होती, त्यातलं देवनागरीत अर्धंच, "...झेल पंप दुरुस्ती".

तौफिकनं ते पत्रक अब्बांना दाखवलं. अब्बांनी चष्मा लावला, साहेबाचं नाव वाचलं, फोटो बघितला आणि विचारलं, "ये साहब अपनी दुकान में कब आया था?"



*

डिसेंबरात कंपनीचा मेल आला. बर्फातल्या बोटीचं चित्र, वर लिहिलेलं, "आम्ही जगाला ऊब देतो. अभिमान बाळगा." तो छापून भिंतीवर लावायचा हुकूम. ढवळे सरांनी लावला.

दत्ताचे आई-बाप तेव्हा ऊसतोडीला गेलेले, साखर कारखान्याच्या तळावर. पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, खाली पोतं, वर ताडपत्री. त्या आठवड्यात आपल्याकडंही थंडी लई होती. दत्ता दुपारी जेवणाच्या सुट्टीत आईशी बोलत होता. तिच्या खोकल्यानं फोन भरून गेलेला. "शेकोटी करा की," हा म्हणत होता. ती म्हणली, "कोपीत कुठं जाळू रं, पाचट पेटंल."

सुट्टी संपली. पहिलाच फोन आला. केबिनमध्ये हवा चोवीस डिग्रीलाच अडकते, पंचवीस होत नाही, अशी तक्रार.

दत्तानं सगळं नीट विचारून सेटिंग बदलून दिलं. फोन ठेवला. उठला, भिंतीपाशी गेला, पेनानं त्या चित्रावर काहीतरी लिहिलं आणि परत येऊन बसला. ढवळे सर तणतणत बाहेर आले, वाचलं, पण त्यांनी ते फाडलं नाही. शेतकऱ्याच्याच घरचे तेही.

"आम्ही जगाला ऊब देतो" च्या खाली लिहिलेलं होतं, "कोपी सोडून."

*

आता शेवटचा.

धुराची नळी हीटरला जिथं जोडतात तिथं ती आवळून धरणारी एक पट्टी असते. कंपनीनं मधे ती पट्टी बदलली, हलकी केली. बोट हलून हलून ती सैल व्हायला लागली. सैल झाली की धूर केबिनमध्ये. नुसता काळा धूर असता तर माणूस पळाला असता. पण हीटर नीट चालत असला की त्या धुरातला जो गॅस मारतो त्याला रंग नसतो, वास नसतो. आमच्याकडं पट्टीच्या तक्रारी यायला लागल्या तसा लेखी आदेश आला. अशी तक्रार आली की "ग्राहकाची बसवण्यातली चूक" अशी नोंद करायची, आणि ग्राहकासमोर "गॅस" हा शब्द काढायचा नाही.

फेब्रुवारीतली दुपार. आयलीन नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन. स्कॉटलंडच्या एका छोट्या बंदरात बोट बांधून तिच्यातच राहायच्या, एकट्या, सोबत एक कुत्रा. हीटर एकदम मस्त चालतोय म्हणल्या. फक्त फिल्टर मागवायचाय, त्याचा नंबर हवाय.

मी नंबर सांगायला लागले. त्या दोन आकडे लिहायच्या आणि थांबायच्या.

"परत सांग गं. आज डोकं जरा जड आहे. सकाळपासून आडवीच आहे. ह्या कुत्र्याला पण आज काय झालंय, खायलाही उठला नाही."

मी नंबर सांगायचा थांबवला. विचारलं, "बाई, केबिनमध्ये अलार्म आहे का? गॅसचा?"

"आहे ना. सकाळी सारखा ओरडत होता. म्हटलं बॅटरी गेली असेल. काढून ठेवलाय."

मी म्हणलं, "मॅडम, कृपा करून आत्ताच्या आत्ता बाहेर जा."

"जाते की. बाहेर पाऊस आहे. आधी नंबर लिहून घेते. चार... चारनंतर काय म्हणालीस?"

आवाज विझत चाललेला. मला इंग्रजी सुचेना. एक शब्द सुचेना! मी उभी राहिले आणि सिरसाळ्यात शेताच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारतात तशी ओरडले, "बाई, भाईर व्हा! हीटर बंद करा आन् भाईर व्हा! गॅस हाय, इख हाय ते! मरताल! कुत्र्याला वढा, भाईर व्हा!"

खाली खताच्या दुकानातली गिऱ्हाइकं जिन्यात येऊन उभी राहिली.

फोनवर काहीतरी पडल्याचा आवाज. मग घसटल्याचा. मग दार सरकल्याचा. आणि मग पाऊस! पाऊस ऐकू आला मला. खोकला, उलटी, परत खोकला. मी सारखी म्हणत होते, "बोला बाई, बोलत रहा." बऱ्याच वेळानं एका पुरुषाचा आवाज आला. शेजारच्या बोटीवरचा होता. "आम्ही तिला धरलंय. दोघंही आहेत. श्वास चालू आहे."

मी खाली बसले. दत्तानं पाणी दिलं, ते मी अंगावरच सांडलं.

आठ दिवसांनी पुण्याहून कागद आला. ढवळे सरांनी वाचून दाखवला. ग्राहकावर आवाज चढवला. परवानगी नसलेली भाषा वापरली. उत्पादनाच्या संदर्भात "गॅस" आणि "विष" हे शब्द उच्चारले. ते "इख" त्यांनी कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलं होतं!

"सर, ती मेली असती."

"मला कळतंय हो, मॅडम."

"पट्टी सैल होती, शेजारच्या बोटवाल्यानं बघून कळवलंय. तिनं बसवलीच नव्हती, कंपनीच्या माणसानं बसवली होती."

"मॅडम, भांडू नका. माझ्या हातात काही न्हाई. माफी लिहूनच आलीय. तुम्ही तिला फोन करायचा आणि वाचायचं. रेकॉर्ड होणार आहे. शब्द बदलायचा नाही."

मी सरांच्या हातातला कागद ओढून घेतला. दत्ता म्हणला, "ताई, नका वाचू." तौफिक म्हणला, "वाचा ताई. त्या बाईचा आवाज तर ऐकू."

सरांनीच फोन लावला. स्पीकरवर. सर माझ्यासमोर उभे, कागद माझ्या हातात.

आयलीनबाईंनी उचलला. आवाज खणखणीत. मागं माणसांची गजबज, कपबशांचा आवाज.

मी वाचलं, "मॅडम, त्या दिवशी मी आपल्याशी चढ्या आवाजात आणि अयोग्य शब्दांत बोलले, त्याबद्दल कंपनीतर्फे दिलगिरी व्यक्त करते."

"तूच का ती?" बाई म्हणल्या. "थांब, थांब, ठेवू नकोस." मग त्या तिकडं कुणाला तरी ओरडल्या, "गप्प बसा सगळे! तीच आहे!" गजबज थांबली. "हे बघ मुली, मी बंदरावरच्या क्लबात आहे. इथं सगळे बोटवाले जमलेत. तुमचाच हीटर आहे निम्म्यांकडं, तोच, नव्या पट्टीचा. मी त्यांना सांगितलं तर म्हणतात, म्हातारी घाबरलीय. मी फोन स्पीकरवर टाकलाय. त्या दिवशी जे म्हणाली होतीस, जसं म्हणाली होतीस, तसंच परत म्हण."

ढवळे सरांनी हात जोडले. मान हलवत होते, नको, नको.

मी कागद टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. दत्तानं जाऊन खिडकी उघडली, का कुणास ठाऊक. मी छाती भरून श्वास घेतला.

"भाईर व्हा!" मी ओरडले. "समदे भाईर व्हा!"